फिरत्या घरातला गळका नळ

ज्या मोटारीत बसण्याजेवण्याची, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय कायमस्वरूपी बसवलेली असते तिला भारतीय परिवहन नियमांत 'मोटर कॅराव्हॅन' असे म्हणतात, आणि अशा वाहनांच्या मान्यतेसाठी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआय या संस्थेने एआयएस-१२४ हे मानक प्रसिद्ध केलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर यांसारख्या गाड्यांच्या सांगाड्यावर ओटा, सिंक, पाण्याची टाकी आणि पंप बसवून घेण्याचे काम आता अनेक बॉडीबिल्डर करतात. या ओट्यावरचा नळ दिसायला घरातल्या नळासारखाच असतो, पुष्कळदा तो त्याच दुकानातून आणलेला असतो. मात्र घरातल्या नळाला जे कधीच सोसावे लागत नाही ते रस्त्याचे हादरे, पंपाचा दाब आणि गावोगावचे निरनिराळे पाणी या नळाला रोज सोसावे लागते. म्हणूनच अशा नळाची गळती थांबवताना तोटीइतकेच लक्ष तोटीमागच्या या तीन कारणांकडे द्यावे लागते, नाहीतर नवा नळ बसवूनही काही महिन्यांत तीच वेळ पुन्हा येते.

यांतली बहुतेक कारणे एकाच ठिकाणी पाहायची तर सुरतजवळच्या हजीऱ्याचे उदाहरण सोयीचे आहे. मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावून खानदेश ओलांडणारी तापी जिथे खंबातच्या आखाताला मिळते, तिथे तिच्या मुखापाशी हे औद्योगिक बंदर वसलेले आहे. नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव आणि धुळे या शहरांतून येणारा, कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरमार्गे गुजरातेत शिरणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे जुना ६ क्रमांकाचा महामार्ग, पश्चिमेला हजीऱ्यातच संपतो. रस्ता संपतो तिथून पुढचा प्रवास पाण्यावरून करण्याची सोय नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. त्या महिन्यात हजीरा आणि भावनगरजवळचे घोघा यांच्या दरम्यान वाहनांसह प्रवासी नेणाऱ्या रो-पॅक्स जहाजसेवेचे उद्घाटन झाले आणि खुश्कीच्या मार्गाने सुमारे ३७० किलोमीटर असलेले अंतर सागरी मार्गाने ९० किलोमीटरवर आले. विदर्भातून किंवा खानदेशातून सौराष्ट्राकडे निघालेले फिरते घर हजीऱ्याला पोहोचते तेव्हा त्याने शेकडो किलोमीटरचे हादरे खाल्लेले असतात, समोर खाऱ्या वाऱ्याचा किनारा असतो, आणि टाकीत भरायला मिळणारे पाणी बहुधा जड असते. हजीऱ्यातील दोन विहिरी तर लोह आणि गंधकयुक्त पाण्यासाठीच ओळखल्या जातात. प्रकल्पस्थळांवर कार्यालय किंवा निवासासाठी ठेवल्या जाणाऱ्या पोर्टा केबिनमधील छोट्या ओट्यांनाही, एक हादरे सोडले, तर पुढे सांगितलेले नियमच लागू पडतात.

पाण्याचा मार्ग आणि त्याचा दाब

इमारतीत पाणी गच्चीवरच्या टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली येते. नळाच्या वर तीन मीटर उंचीवर टाकी असेल तर नळापाशी साधारण ०.३ बार दाब मिळतो, कारण पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ सुमारे एक बार दाब निर्माण करतो. गाडीत अशी उंची मिळत नसल्याने ओट्याखाली किंवा आसनाखाली बसवलेल्या टाकीतले पाणी बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप खेचतो. डायफ्रॅम म्हणजे रबरी पडदा. तो पुढेमागे हलून पाणी ढकलतो, आणि पंपावरच बसवलेला दाबनियंत्रक खटका ठरावीक दाब होताच मोटार बंद करतो व दाब घटताच ती पुन्हा चालू करतो. हा बंद होण्याचा दाब सामान्यतः ४० ते ५५ पीएसआय, म्हणजे २.८ ते ३.८ बारच्या दरम्यान असतो. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकीखाली वर्षानुवर्षे न गळलेला नळ गाडीत बसवताच गळू लागतो त्याचे कारण या हिशेबात आहे, कारण त्याच्यावर एकाएकी नऊ ते बारा पट दाब येतो.

दाबाची दुसरी वाट बाहेरून येते. मुक्कामाच्या जागी बाहेरच्या नळाची रबरी नळी गाडीच्या बाजूच्या तोंडाला जोडली की टाकी आणि पंप वगळून पाणी थेट आतल्या नळ्यांत शिरते, आणि त्या जागेचा प्रेशर पंप किती जोराचा आहे यावर आतल्या प्रत्येक सांध्याचे भवितव्य ठरते. या तोंडाशी दाब कमी करणारा रेग्युलेटर बसवणे हा म्हणूनच सोयीचा नव्हे, आवश्यकतेचा भाग ठरतो. याखेरीज एकाच दांडीचा नळ झटकन बंद केला की वाहत्या पाण्याचा वेग क्षणात थांबून नळीत दाबाची लाट उसळते. तिला जलाघात म्हणतात. पंपाशेजारी हवेची पिशवी असलेली छोटी संचयक टाकी बसवली तर ही लाट त्या हवेत शोषली जाते आणि पंपाची वारंवार चालूबंद होण्याची सवयही कमी होते.

गळतीचे मोलही गाडीत वेगळे असते. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब टाकणारा नळ दिवसाला २१.६ लिटर पाणी घालवतो. शंभर लिटरची टाकी त्या हिशेबाने पाच दिवसांच्या आत रिकामी होते आणि तेच पाणी सिंकखालच्या सांडपाण्याच्या टाकीत साचून तीही वेळेआधी भरते. शिवाय प्रत्येक वेळी घटलेला दाब भरून काढण्यासाठी पंप चालू होत असल्याने बॅटरीही खर्च होते. मात्र या रचनेचा एक फायदाही आहे: सगळे नळ बंद असताना पंप रात्री-अपरात्री आपोआप घुरघुरला, तर कुठेतरी पाणी झिरपते आहे ही सूचना ओल दिसण्याच्या कितीतरी आधी मिळते.

तोटीच्या पोटात

नळाच्या आत पाणी अडवण्याच्या दोन मुख्य पद्धती प्रचलित आहेत. पहिली पद्धत आटे फिरवून वायसर दाबण्याची. इंग्लंडमधील रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स कारखान्यात १८४५ मध्ये सिद्ध झालेल्या या रचनेत मूठ फिरवली की स्पिंडल म्हणजे आटे पाडलेला दांडा खाली जातो आणि त्याच्या टोकाची रबरी चकती, जिला बोलीत वायसर म्हणतात, पितळी बैठकीवर दाबून बसते. भारतातील साध्या बिब कॉकसाठी असलेले आयएस ७८१ हे मानक याच कुळातील नळांचे आहे. दुसरी पद्धत कार्ट्रिजची. अमेरिकेत अल मोएन यांनी गरम पाण्याने हात भाजल्याच्या अनुभवानंतर एकाच दांडीने गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचा विचार १९३७ मध्ये सुरू केला आणि असा नळ १९४७ मध्ये विक्रीला आला. आजच्या सिंक मिक्सरमध्ये त्याच कल्पनेचे पुढचे रूप, म्हणजे एकमेकींवर सरकणाऱ्या दोन सिरॅमिक चकत्यांचे प्लास्टिकच्या डबीत बसवलेले कार्ट्रिज असते. या चकत्या अ‍ॅल्युमिना या अतिकठीण पदार्थाच्या असतात आणि त्यांची पृष्ठे इतकी गुळगुळीत घासलेली असतात की त्यांच्यामधून पाणी जात नाही. पण टाकीतून आलेला वाळूचा कण किंवा क्षाराचा खडा त्यांच्यामध्ये अडकला की तेवढ्या फटीतून थेंब सुटू लागतो.

दोन्ही पद्धतींत हलणाऱ्या भागाभोवतीची फट ओ-रिंग बुजवते. डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेल्या नील्स ख्रिस्तेन्सन यांना ज्या रबरी कड्याचे पेटंट १९३९ मध्ये मिळाले, ते कडे पाण्याच्याच दाबाने आपल्या खाचेच्या कडेवर रेटले जाते आणि दाब वाढेल तसे अधिक घट्ट बसते, हे त्यामागचे तत्त्व. रबर कडक झाले, चिरले किंवा खाचेत क्षार बसले की मात्र हेच तत्त्व निकामी होते.

जड पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले पाणी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोतच नसेल तर ती ६०० पर्यंत शिथिल होते. असे पाणी नळाच्या तोंडाशी सुकले की पांढरा थर बसतो, आणि पाण्यात लोह असेल तर तो थर तांबूस होतो. पाण्यात क्लोराइड अधिक असल्यास पितळाचे वेगळेच नुकसान होते: पितळ हा तांबे आणि जस्ताचा मिश्रधातू असल्यामुळे त्यातील जस्त हळूहळू विरघळून जाते, मागे तांब्याची सच्छिद्र जाळी उरते आणि वरून चकचकीत दिसणारा नळ आटे आवळताना अचानक तुटतो. या क्रियेला जस्तक्षय म्हणतात. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर क्रोमच्या मुलाम्याला बारीक फोड आले असतील तर आतल्या धातूची तपासणी आधी करावी.

गळतीचे मूळ शोधणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गळती नेमकी कुठून होते हे ठरवावे लागते, आणि गाडी क्वचितच पूर्ण सपाट उभी असल्याने पाणी उताराकडे धावून भलत्याच जागी टपकते. नळ, त्याचा बुंधा आणि खालचे सांधे कोरड्या फडक्याने पुसून, प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू कागदाची पट्टी गुंडाळून पंप चालू करावा. जी पट्टी पहिली भिजते तो सांधा दोषी. पाणी बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर वायसर, बैठक किंवा कार्ट्रिज यांत बिघाड असतो. मुठीच्या खालून पाणी येत असेल तर कार्ट्रिजवरचा नट सैल झालेला असतो किंवा स्पिंडलभोवतीचे ग्लँड, म्हणजे दांड्याला कवळणारे पॅकिंग, झिजलेले असते. फिरणाऱ्या मानेच्या बुडाशी आणि तेही फक्त पाणी वाहत असतानाच ओल येत असेल, तर मानेच्या ओ-रिंग गेलेल्या असतात. खालच्या कपाटात ओल असेल तर जोडनळीचा रबरी वायसर किंवा आटे तपासावेत. कपाटाचे प्लायवूड फुगले असेल तर गळती नवी नाही, एवढे त्यावरून कळते.

दुरुस्तीचा क्रम

पहिले काम पाणी आणि दाब दोन्ही काढून घेण्याचे. पंपाचा खटका बंद करावा, बाहेरची नळी सोडवावी, गीझर असल्यास तो बंद करून निवू द्यावा आणि सर्वांत खालचा नळ किंवा निचऱ्याची तोटी उघडून नळ्यांतले पाणी सोडून द्यावे. सिंकचे भोक फडक्याने बंद करावे, कारण मुठीचा बारीक स्क्रू एकदा सांडपाण्याच्या टाकीत गेला की तो हाती लागत नाही. मुठीवरची लाल-निळी टिकली पातळ पात्याने उचकटली की खाली स्क्रू दिसतो. काही नळांत तो अ‍ॅलन कीने सुटतो. मूठ निघाल्यावर वरची टोपी हाताने आणि तिच्याखालचा पितळी नट पान्याने सोडवता येतो. तो सोडवताना दुसऱ्या हाताने नळाचा बुंधा धरून ठेवावा, नाहीतर सगळा ताण सिंकच्या पातळ पत्र्यावर आणि खालच्या नळ्यांवर जातो.

कार्ट्रिज बाहेर काढून त्याचा व्यास मोजावा. एका दांडीच्या मिक्सरसाठी ३५ आणि ४० मिलिमीटर ही दोन मापे सर्रास मिळतात, परंतु व्यास एकच असूनही दांड्याची उंची आणि बुडाच्या खुंट्यांची जागा वेगळी असू शकते, म्हणून जुने कार्ट्रिज दुकानात सोबत नेणे शहाणपणाचे असते. बैठकीतले क्षार लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने भिजवून मऊ ब्रशने काढावेत. तेथे लोखंडी ब्रश किंवा पॉलिशपेपर वापरला तर ओरखडे पडून नवे कार्ट्रिजही गळते. वायसरच्या नळात बैठकीवर खळगा पडला असेल तर नुसता वायसर बदलून भागत नाही, आणि मूठ जोराने आवळून थेंब थांबवण्याची सवय हा खळगा आणखी खोल करते. ओ-रिंगला बसवताना सिलिकॉन ग्रीस लावावे. पाण्याच्या नळांत वापरल्या जाणाऱ्या ईपीडीएम जातीच्या रबराला खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावली तर ते फुगते आणि खाचेतून बाहेर येते, त्यामुळे हाताशी असलेले कोणतेही ग्रीस चालवून घेण्याची चूक येथे महागात पडते.

नवा नळ बसवताना

बुंध्याला चीर गेली असेल, जस्तक्षयाची चिन्हे दिसत असतील किंवा नळ क्रोमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचा असून त्याचे आटे उडाले असतील, तर दुरुस्तीपेक्षा बदल स्वस्त पडतो. नव्या नळाची निवड करताना सिंकच्या भोकाचे माप, जे एकभोकी नळांसाठी बहुधा ३५ मिलिमीटर असते, तोंडाची उंची, आणि वरचे झाकण किंवा खिडकी उघडताना मान आड येते का, या तीन गोष्टी पाहाव्यात. उंच हंसमानी नळ घरात शोभतो, पण चालत्या गाडीत तो लांब तरफेप्रमाणे डोलून आपल्याच बुडाचा नट सैल करतो. आडव्या दिशेने होणाऱ्या कंपनाने आटे सैल होण्याचा वेग उभ्या कंपनापेक्षा कितीतरी अधिक असतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले होते. आखूड मानेचा नळ, रुंद रबरी गॅस्केट आणि बुडाशी जास्तीचा चेक नट हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आट्यांच्या जातीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. भारतात आणि युरोपात अर्ध्या इंची नळांना बीएसपी पद्धतीचे आटे असतात, तर अमेरिकी कॅराव्हॅनच्या सामानात एनपीटी पद्धतीचे आढळतात. अर्ध्या इंची मापात दोहोंमध्ये इंचाला १४ च आटे असल्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे सहज चढतो. परंतु एकाचा कोन ५५ अंशांचा व दुसऱ्याचा ६० अंशांचा असल्याने तो सांधा कधीच नीट बंद होत नाही. नट हाताने चार-पाच फेरे फिरल्याशिवाय त्याला पाना लावू नये, हा नियम पाळला तर ही गफलत वेळीच लक्षात येते. ज्या जोडनळीच्या टोकात रबरी वायसर असतो तिच्यावर टेफलॉन टेप गुंडाळण्याची गरज नसते, कारण पाणी अडवण्याचे काम वायसर करतो. टेप लागते ती धातूच्या आट्यावर आटा बसतो तिथे, आणि ती नट फिरण्याच्या दिशेनेच गुंडाळावी लागते. दोरा आणि सफेदा ही इमारतींतली जुनी पद्धत गाडीत टाळावी, कारण सुकून कडक झालेला सफेदा हादऱ्यांनी तडकतो. त्याच कारणाने चिकटवून पक्क्या केलेल्या सीपीव्हीसी नळ्यांपेक्षा वाकू शकणारी पेक्स, म्हणजे रेणूंची जाळी जोडलेली पॉलिथिलीन नळी, किंवा स्टीलची वेणी असलेली लवचीक जोडनळी योग्य ठरते. ती ताणून न बसवता थोडी सैल ठेवावी आणि गाडीच्या भिंतीला थोड्या थोड्या अंतरावर क्लिपने बांधावी.

खंबातच्या आखाताच्या पलीकडे सौराष्ट्रात जामनगर हे पितळी सुट्या भागांचे देशातील मोठे केंद्र आहे, त्यामुळे या वाटेवरच्या दुकानांत नट, निपल आणि आटे बदलणारे जोडतुकडे मिळणे तुलनेने सोपे जाते.

चाचणी आणि पुढची काळजी

काम झाल्यावर नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवावी आणि पंप चालू करून नळ हळूहळू उघडावा, म्हणजे अडकलेली हवा, टेपचे तुकडे आणि क्षाराचे कण बाहेर पडतात. जाळी त्यानंतर बसवावी. मग सगळे नळ बंद करून पंप दाबाखाली ठेवावा. तासाभरात तो आपोआप चालू झाला नाही तर सांधे पक्के झाले असे समजावे. कुठेही ओल नसताना तो चालू होत असेल तर पंपाच्या तोंडचा एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी होऊन पाणी टाकीत परत जात असते, आणि अशा वेळी निर्दोष नळ पुन्हा उघडण्यात अर्थ नसतो. यानंतर गाडी वीसेक किलोमीटर खडबडीत रस्त्यावरून चालवून सांधे पुन्हा पुसून पाहावेत, कारण उभ्या गाडीत पक्का वाटलेला नट पहिल्याच प्रवासात आपली खरी जागा घेतो. चालत्या गाडीत किंवा जहाजावर असताना पंपाचा खटका बंदच ठेवावा. एखादा सांधा निसटला तरी मग नळ्यांतले पाणी तेवढे सांडते, टाकीतले शाबूत राहते. टाकी आणि पंप यांच्यामधली गाळणी जड किंवा गढूळ पाणी भरल्यानंतर प्रत्येक वेळी धुतली, तर कार्ट्रिजचे आयुष्य सहज वाढते.

वर सांगितलेल्या कामांपैकी एकाही कामाला विशेष कौशल्य लागत नाही. ते अवघड होते ते जागेमुळे. बहुतेक बॉडीबिल्डर सिंकमागची जागा पक्क्या फळीने बंद करतात आणि नळाच्या जोडनळ्या थेट मुख्य नळीला जोडतात, त्यामुळे एक वायसर बदलण्यासाठी ओटा उचकटावा लागतो आणि साऱ्या गाडीचे पाणी सोडावे लागते. सिंकखाली हात जाईल एवढे स्क्रूने उघडणारे दार, प्रत्येक जोडनळीवर एक छोटा अँगल कॉक, आणि बाहेरच्या तोंडाशी रेग्युलेटर या तीन गोष्टी गाडी बांधतानाच मागून घेतल्या तर त्यांचा खर्च एकूण बांधणीत जाणवतही नाही. गाडी बांधून घेणाऱ्याने नळाचा ब्रँड विचारण्याआधी या तीन गोष्टी विचारायला हव्यात.